काळ्या दोऱ्याचा टाका

उमरग्याच्या स्टँडवर दैवशाला उतरली तेव्हा तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मुरुमच्या बाजारपेठेतला तिचा गाळा वर्षभर वापरून, छदामही न देता इरशाद टेलर रातोरात पळाला होता. वर्षापूर्वी नवरा शिवराज गेल्यावर तिच्याकडं उरला होता तो हा गाळा आणि कमरेला खोचलेली त्याची चावी. तीही उद्या जायची होती. दीर रणधीर चार माणसं बसवून चावी मागणार होता. "भाडेकरू सांभाळणं बाईमाणसाचं काम न्हाय, वैनी," असं त्याचं म्हणणं. "इरशादकडून भाडं आणलं तर चावी माझी," तिनं ठणकावलं, तर तो हसला. "आणा की. तो कवाच हैदराबादला गेलाय."

हैदराबाद कसलं अन् काय! काल बाजारात वांगी निवडणाऱ्या एका बाईच्या डाव्या बाहीवर तिला काळ्या दोऱ्याचा टाका दिसला. नजर लागू नये म्हणून इरशाद प्रत्येक पोलक्याला तो घालायचा, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी घालायचा. "कुठं शिवलं, बाई?" विचारलं, तर उत्तर आलं, "उमरग्यात, स्टँडच्या मागं."

स्टँडच्या मागं पत्र्याची टपरी, आत तीच जुनी मशीन. तिला पाहताच इरशाद उठून उभा राहिला. मान खाली. भाडेकरू होता तेव्हाही त्यानं कधी तिच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं, भाडं द्यायचा तेही शिवराजच्या हाती. तेव्हा तिला ती अदब वाटायची. आज ती मान गुन्हेगाराची दिसली.

"पाणी घ्या, वैनी."

घशाला कोरड पडली होती. पण वसुलीला गेलेल्यानं त्या घरचं पाणी पिऊ नये, जीभ मऊ पडते, हे सासऱ्याचं सांगणं. "वर्षाचं भाडं काढा आधी."

"कसलं भाडं?"

"बघा! चोर तो चोर, वर शिरजोर!"

इरशादनं हातातली कात्री मशीनवर ठेवली. "वैनी, दर म्हैन्याला रणधीरभाऊ न्यायचे की. तुमीच पाठवलंय म्हणायचे."

"आन् तुमी दिलं?"

"तुमी दुखवट्यात. उंबऱ्यावर येऊन बाईमाणसाशी पैशाचं कसं बोलायचं? घरात पुरुष हाय, त्याच्या हाती द्यावं, म्हणून दिलं. मग तेच म्हणाले, वैनीला गाळा पायजे, आजच खाली करा. लई वाईट वाटलं. एक सबद तुमी बोलला न्हाय."

दैवशालाला काय करावं कळेना. बुडवणारा माणूस गोष्टी रचतोच. आणि रणधीर झाला तरी घरचा, रोज तिच्या हातचं जेवणारा. तेवढ्यात त्याचाच फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"वैनी, कुठं हाव? सकाळी माणसं येतेत, चावी काढून ठेवा."

"ठेवते. पर भावजी, इरशाद सापडला तर?"

"सापडायचा न्हाय."

"सापडला, आन् तुमचं नाव घेतलं तर?"

रणधीर एकदम तडकला, "त्याचं काय ऐकता? मला दिलं म्हणतो, तर पावती हाय का त्याच्याकडं?"

दिल्याघेतल्याचा शब्दही तिनं काढला नव्हता.

इरशाद फोनजवळ वाकला. "रणधीरभाऊ, मी इरशाद. उद्या त्या माणसांत मी बी येतो."

फोन कट झाला. भाडं बुडवणारा सापडला होता, तिच्याच घरात. कालच तिनं त्याला दुसरी भाकरी आग्रहानं वाढली होती. संताप आणि रडू एकदमच आलं तिला. अदब पाळणाऱ्या या माणसाचाही राग आला. एकदा दारात येऊन विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं?

"पाणी द्या," ती म्हणाली. अख्खा तांब्या तिनं घटाघटा रिकामा केला. मग कमरेची चावी काढून मशीनवर ठेवली.

"गाळा परत तुमाला दिला. उद्या चावी मागतील, तर सांगीन, भाड्यानं गेलाय. पर भाडं माझ्या हातात द्यायचं. आन् असं खाली बघून न्हाय, इरशादभाई. माझ्या तोंडाकडं बघून."

इरशादनं चावी हातात घेतली. मग त्यानं मान वर केली.