आभाराची ओळ

टिटवीवरचा लेख पाठवण्याआधी मुक्ता साठ्येनं तो तीनदा वाचला. गावाचं नाव नाही, रस्त्याचं नाव नाही, पाण्याच्या टाकीचा उल्लेख होता तोही काढून टाकला. किसेलगुरुजींनी बजावून सांगितलं होतं, "जागा कळता कामा नये, फ्राऊ साठ्ये." जागा कळत नव्हती. मग तिनं समाधानानं शेवटची ओळ लिहिली आणि लेख धाडून दिला. सगळा घोटाळा झाला तो त्या शेवटच्या ओळीनं.

मुक्ताचा नवरा हृषिकेश जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ होता. मुक्ता लग्नाआधी सांगलीला एका दैनिकाचं शेतीचं पान बघायची. इथं येऊन सहा वर्षं झाली. भाषा अंगवळणी पडल्यावर ती दर गुरुवारी टपालपेट्यांत फुकट पडणाऱ्या एका साप्ताहिकात शेतं, पाणी, पक्षी यांवर लिहू लागली. कारखान्याच्या चिमण्या मागे पडल्या की वीस मिनिटांत मुळा, कांदा, फुलकोबी यांची सपाट शेतं लागतात. तिच्या बातम्या तिथल्याच. कुठल्या ओढ्याला फेस आला, कुठं बांधावरची झाडं तोडली, बेडूक रस्ता ओलांडतात तिथं गाड्या हळू चालवाव्यात. साहित्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं, पण लोक वाचायचे.

किसेलगुरुजी म्हणजे निवृत्त शाळामास्तर. दुर्बीण तिपाईवर लावून ते तालुक्यातल्या टिटव्या मोजायचे. तीस वर्षांपूर्वी वहीचं पान पुरत नसे, आता जोड्या बोटांवर मावत. इथल्या टिटवीच्या डोक्यावर तुरा असतो, एवढं सोडलं तर चाल आणि ओरडणं आपल्याकडचंच. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि नेमका त्याच वेळी शेतकरी नांगर घालतो.

कार्ल मटर्न मात्र घालत नव्हता. मक्याच्या शेताच्या मधोमध एकरभर तुकडा तो गेली तीन वर्षं तसाच सोडायचा. तसं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. एका एप्रिलमध्ये ट्रॅक्टर अंगावर आला तरी टिटवी अंड्यांवरून उठली नव्हती.

"उठली नाही, मग मी काय करणार?" त्यानं मुक्ताला एवढंच सांगितलं होतं. त्याच्या बायकोनं कॉफी आणि सफरचंदाचा केक दिला. मुक्तानं दुर्बिणीतून चार ठिपकेदार अंडी पाहिली.

आता असा पाहुणचार घेऊन आल्यावर नुसतं लिहून कसं भागेल? ज्याच्या अंगणात कीर्तन झालं त्या यजमानाचं नाव घेतल्याशिवाय आरतीला हात लावायचा नाही, हे मुक्ता लहानपणापासून बघत आली होती. सांगलीचे संपादकही म्हणायचे, बातमीत माणसाचं नाव नसेल तर ती बातमी कुणाची? तेव्हा शेवटची ओळ अशी होती: 'हे ज्यांच्यामुळे पाहायला मिळालं त्या श्री. कार्ल मटर्न आणि सौ. मटर्न यांचे मनापासून आभार. त्यांचा मका उशिरा येतो, पण टिटवी वेळेवर येते.'

लेख गुरुवारी छापून आला. सोमवारी सकाळी किसेलगुरुजींचा फोन आला.

"तुम्ही मटर्नचं नाव लिहिलंत."

"जागा नाही लिहिली, गुरुजी."

"आल्झो, म्हणजे असं बघा, फ्राऊ साठ्ये. या गावात मटर्न एकच. त्याचं मक्याचं शेतही एकच. आता सांगा, काय नाही लिहिलंत?"

गुरुजींनी मग मास्तरी क्रमानं झालेलं सांगितलं. रविवारी ऊन पडलं. दहा वाजल्यापासून सायकली यायला लागल्या, चाळीसेक तरी. सगळी भली माणसं, कोणी दगड मारला नाही. कोणाचा कुत्रा सुटा होता, कोणाला फोटो जवळून हवा होता. टिटवी अकरा वाजता उठली ती तीनपर्यंत अंड्यांवर बसली नाही. दोन कावळे खांबावर वाट बघत बसलेच होते. चारही अंडी गेली.

"आता?" मुक्तानं विचारलं.

"जमीन तशीच राहिली आणि माणसं आली नाहीत, तर ती दहा-बारा दिवसांत पुन्हा घालेल. पण मटर्न म्हणतो, ईस्टर झाला की मंगळवारी सगळंच नांगरतो. त्या तुकड्यासकट. मग ही जोडी गेलीच समजा."

त्याच दुपारी मुक्ता मटर्नकडे गेली. तो गोठ्यासमोर नांगराचा फाळ घासत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"हेर मटर्न, चूक माझी आहे."

"या," तो म्हणाला. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. हो, तुझीच. "कडेचे कांदे तुडवले. एक बाई मला विचारते, पुढचा खेळ किती वाजता? मी शेतकरी आहे, सर्कसवाला नाही."

"गुरुजी म्हणतात ती पुन्हा अंडी घालेल."

"ते टिटवीला सांगा. मला मंगळवारी नांगरायचंय."

मटर्नबाई दारात आल्या होत्या. त्यांच्यामागे स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुक्ताचा लेख कापून, टाचणीनं लावलेला दिसत होता. शेवटच्या ओळीखाली निळी रेघ होती. बाईंनी मुक्ताची नजर कुठं गेली ते पाहिलं आणि हळूच दार ओढून घेतलं.

मुक्ताच्या घरी तेव्हा सासरे आले होते. वासुदेवराव, घरात सगळ्यांचे नाना. चाळीस वर्षं त्यांनी कीर्तनकारांना पेटीची साथ केली. एप्रिलच्या थंडीत कानटोपी घालून ते खिडकीशी बसायचे आणि गुडघ्यावर बोटं फिरवत चाली गुणगुणायचे. संध्याकाळी मुक्तानं त्यांना आणि हृषिकेशला सगळं सांगितलं.

"माफी छाप," हृषिकेश म्हणाला. "पुढच्या अंकात चार ओळी. विषय संपला."

"वा. म्हणजे जे गेल्या रविवारी आले नाहीत त्यांनाही पत्ता कळेल," नाना म्हणाले. "तू रसायनातच बरा आहेस."

"मग काय करायचं, तुम्हीच सांगा."

"मी कशाला सांगू? पेटीवाल्यानं साथ करायची, निरूपण नाही." नाना सुनेकडे वळले. "पण मुक्ता, एक विचारतो. भर कीर्तनात बुवा चुकले तर माफी कुठं मागतात? घरी जाऊन?"

"तिथंच. लोकांसमोर."

"मग तुझे लोक कुठं आहेत?"

मुक्तानं थोडा विचार केला. ईस्टरची सुट्टी शुक्रवार ते सोमवार, आणि इथली माणसं सुट्टीत फिरायला बाहेर पडल्याशिवाय राहत नाहीत. "माझे लोक त्या कच्च्या रस्त्यावर येणार आहेत," ती म्हणाली. "चारही दिवस. मी रस्त्याच्या तोंडाशी बसते."

"घडीच्या खुर्च्या दोन आहेत ना?" नानांनी विचारलं.

"नाना, थंडी आहे. तुम्ही नका."

"अगं, रात्र रात्र साथ केली आहे मी. चार सकाळी बसून मरत नाही."

शुक्रवारी साडेनऊला दोघं तिथं खुर्च्या टाकून बसली. पहिलं जोडपं दहा वाजता आलं. सायकलवरून न उतरताच पुरुषानं विचारलं, "टिटवीचं शेत हेच का?"

खोटं बोलायचं नाही असं मुक्तानं आधीच ठरवलं होतं. नाही म्हणणं सोपं होतं, पण एका चुकीवर दुसरी कशाला चढवायची? ती उठून उभी राहिली. "हेच. तो लेख मी लिहिला. त्यात शेतकऱ्याचं नाव घातलं, त्यामुळे रविवारी इथं गर्दी झाली आणि कावळ्यांनी अंडी नेली. माणसं आली नाहीत तर ती पुन्हा घालेल. म्हणून मी तुम्हाला परत जायची विनंती करते. पुढच्या गावात चर्चच्या छपरावर करकोच्याचं घरटं आहे. त्याला माणसांचं काही वाटत नाही."

बाई म्हणाली, "अरेरे." पुरुष म्हणाला, "म्हणजे बोलावलंतही तुम्हीच आणि हाकलताही तुम्हीच?"

"गेनाऊ, अगदी तसंच," मुक्ता म्हणाली.

ती दोघं करकोच्याकडे गेली. मग आजी-आजोबा आले, मग तीन मुलांसह एक कुटुंब, मग दुर्बिणी गळ्यात घातलेले चार मित्र. प्रत्येकाला ती उभी राहून तेच सांगायची. पहिल्या दिवशी सांगताना ती अडखळायची. दुसऱ्या दिवशी अडखळली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण पाठ म्हणतो आहोत, तेव्हा तिनं स्वतःला आवरलं आणि पुन्हा हळू, समोरच्याकडे बघून बोलायला लागली. बहुतेक लोक परत फिरले. एक गृहस्थ मात्र "रस्ता सार्वजनिक आहे" म्हणत पुढे गेला. पन्नास पावलांवर थांबला, मागे पाहिलं. मुक्ता अजून उभीच होती. तो परत आला आणि खाली मान घालून गेला.

नाना खुर्चीत गुणगुणत होते. रविवारी दुपारी, ईस्टरचं मोठं जेवण झाल्यावर मटर्न सायकलवर आला. अंगात चर्चचा कोट होता. त्यानं खुर्च्यांकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"तीन दिवस बसलाय म्हणे."

"उद्याही बसणार आहोत," मुक्ता म्हणाली.

"हे काय म्हणताहेत?"

मुक्तानं नानांना विचारलं. नाना म्हणाले, "सांग त्यांना. टिटवीचं आख्यान आहे. समुद्रानं टिटवीची अंडी नेली. तिनं चोचीचोचीनं समुद्र उपसायला घेतला. सगळे हसले. ती थांबली नाही. शेवटी देवाला तिची कणव आली आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली."

मुक्तानं जर्मनमध्ये सांगितलं. मटर्ननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमच्या सासऱ्यांना सांगा, समुद्र काही परत देत नाही. माझा धाकटा काका दर्यावर्दी होता."

मुक्तानं ते मराठीत सांगितलं. नानांची बोटं गुडघ्यावर थांबली. "खरं आहे त्यांचं," ते म्हणाले. "म्हणून तर देव मध्ये घालावा लागतो. नुसता समुद्र असता तर कीर्तन झालंच नसतं."

हे तिनं मटर्नला जमेल तसं सांगितलं. तो हसला नाही. त्यानं सायकल वळवली आणि जाताना एवढंच म्हणाला, "उद्या वारा आहे. म्हाताऱ्यांना घोंगडी द्या."

मंगळवारी सकाळी मुक्ता एकटीच गेली. ट्रॅक्टर सुरू झाला होता. ती बांधावर उभी राहिली. त्याला अडवायला ती आली नव्हती. जे होईल ते डोळ्यांनी पाहायचं, एवढंच ठरवून आली होती. मटर्ननं पहिलं तास घातलं, दुसरं घातलं. माती काळी, ओलसर वर येत होती. तुकड्याच्या कडेशी आल्यावर त्यानं नांगर उचलला, ट्रॅक्टर हळू फिरवला, पलीकडे जाऊन पुन्हा नांगर टेकवला. तुकडा मधोमध तसाच राहिला. दूर दोन पक्षी खाली-वर होत ओरडत होते.

काम संपल्यावर तो बांधाशी थांबला. "पुन्हा लिहिणार?"

"पिल्लं झाली तर. नाव घालणार नाही."

"या," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझी बायको विचारेल."

"त्यांना काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

मेच्या शेवटी किसेलगुरुजींनी फोनवर नेहमीच्या स्वरात सांगितलं की तीन पिल्लं मक्याच्या ओळींतून पळताना दिसली. मुक्तानं लेख लिहिला. पिल्लं किती, वजन कितीसं असेल, काय खातात, सगळं लिहिलं. शेवटच्या ओळीशी तिचा हात अडला. दोन दिवस लेख तसाच पडून होता. तिनं नानांना विचारलं, यजमानाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं असेल, तर बुवा काय करतात?

"काही नाही. त्याच्या बाजूला नुसते हात जोडतात," नाना म्हणाले. "ज्याला कळायचं त्याला कळतं."

लेख पिल्लांवरच संपला. 'एका शेतात' एवढंच त्यात होतं.

जूनमध्ये, नाना परत जायच्या आठवड्यात, ती त्यांना घेऊन मटर्नबाईंना भेटायला गेली. बाईंनी पुन्हा केक केला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पहिल्या कात्रणाखाली दुसरं कात्रण लावलेलं होतं. या खेपेला रेघ नव्हती. 'एका शेतात' या शब्दांसमोर, समासात, पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं: आमच्याकडे.