दवबिंदूच्या पानावरची चोरी

डॉर्कसची जीभ तिखट, आणि तिला त्याचा अभिमानही होता. फ्लोरिडाच्या त्या दलदलीत ती आणि एमेट कितीतरी वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते. चिकट पानांनी किडे धरणारं दवबिंदूचं रोपटं आणि त्याला खेटून जाळं विणणारा कोळी, दोघांचं भक्ष्य एकच. मग एकाच्या पोटावर दुसऱ्याचा पाय पडतो का?

सकाळी एमेट रोपट्यांचं खाणं म्हणून चिमट्याने पानापानावर चिलटं ठेवायचा आणि दुपारी डॉर्कस त्यांचं काय झालं ते बघायला जायची. या उन्हाळ्यात निम्मी पानं रिकामीच दिसायला लागली.

एक दिवस पाइनच्या सावलीत कामाला आलेले त्यांचे सगळे विद्यार्थी उकडलेल्या शेंगा खात बसले होते. त्यांच्यादेखत ती म्हणाली, "काय रे एमेट, रोपट्यांना उपास घडवतोयस? गाडीत झोपा काढतोस वाटतं!"

पोरं खिदळली. एमेट मात्र गोंधळला. "ठेवली होती गं. म्हणजे... ठेवली असणार."

"असणार? ऐका! साहेबांनाच खात्री नाही!"

दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. गुडघा दुखतोय, असा निरोप आला. डॉर्कसला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

आता चिलटं ठेवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. ठेवून झाली तोवर पाठ धरली, म्हणून ती तिथंच ओल्या गवतात बसली. तेवढ्यात जाळ्याच्या नळीतून कोळी बाहेर आला. पानाच्या कडेला पाय रोवून त्याने चिलट ओढून काढलं आणि आत पसार झाला. जरा वेळाने शेजारच्या पानावर दुसऱ्या कोळ्याने तेच केलं. इतकी वर्षं ज्या चोराच्या मागावर होती तो नाकासमोर होता, आणि बाईंनी संन्याशाला सुळी दिली होती. तिला स्वतःची किळस आली.

तशीच चिखलाच्या बुटांनी ती एमेटच्या घरी गेली. तो व्हरांड्यात नुसताच बसला होता. तिने धापा टाकत सगळं सांगितलं, "माझं चुकलं" हेही सांगितलं.

"म्हणजे मी ठेवत होतो?" त्याने विचारलं.

"रोज. एक पान चुकला नाहीस."

"नक्की ना? बाबांचं असंच सुरू झालं होतं गं. आधी बारीकसारीक विसरायचे, शेवटी मलाच ओळखेनात. तू बोललीस आणि मला वाटलं, आली आपलीही पाळी. गाडीच्या किल्ल्यासुद्धा बहिणीला देऊन टाकल्या."

तो हसायला लागला आणि हसता हसताच डोळे पुसू लागला. मग त्याने तिचे चिखलाने भरलेले हात हातात घेतले.

"उपकार झाले बघ तुझे, डॉर्कस."

शिवी दिली असती तर तिने ती झेलली असती. तिला त्याच्याकडे बघवेना, आणि तो तर हात सोडायलाच तयार नव्हता.