प्रश्नांसाठी अर्धा तास

बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, आणि परिषदेच्या दिवशी राणीचं लेकरू जेमतेम अठरा दिवसांचं होणार होतं. ज्योती खिल्लारेने दिवस मोजले आणि ठरवून टाकलं: राणी आखाडा बाळापुरातच राहील, तिचा निबंध मात्र हिंगोलीत वाचला जाईल. तिच्याच आवाजात.

२००४ साल होतं. ज्योती हिंगोलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि हळदीच्या रोगांवरची एक दिवसाची परिषद तिच्या अंगावर होती. राणी तिची जुनी विद्यार्थिनी. हळदीच्या कंदकुजीवर एम.फिल.चं काम करत होती. मार्चअखेर प्रबंध द्यायचा होता. त्याआधी कुणा जाणत्याने तो उलटापालटा करून पाहावा, एवढंच तिला हवं होतं. "म्याडम, वाहवा नको. कुठं चुकलं ते कळू द्या," असं ती म्हणाली होती.

प्रयोगशाळेतल्या प्रेमानंदने ऑफिसातला स्पीकरवाला फोन लांब वायर टाकून हॉलमध्ये आणला. फोनपुढे माइक ठेवला. राणीने पारदर्शिका आठवडाभर आधी एसटीने पाठवल्या होत्या. ती फोनवर "पुढचं" म्हणाली की ज्योतीने प्रोजेक्टरवर पुढची ठेवायची. दोनदा तालीमही झाली.

सकाळी सगळं जमून आलं. औषध लावलेल्या बेण्यात कूज निम्म्याने कमी, हा शेवटचा तक्ता दाखवून राणी थांबली. तेवढ्यात विभागप्रमुख विश्वंभर सर उठले. "पोरगी बाळंतीण आहे. तिला आता तकलीफ नको. प्रश्न राहू द्या, टाळ्या वाजवा." टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी स्वतःच फोन बंद केला.

जेवणाच्या सुट्टीत राणीचा फोन आला.

"म्याडम, कुणी काहीच काहून विचारलं न्हाई?"

"सरांना वाटलं, तुला त्रास होईल."

"त्रास? अठरा दिवस झाले, बाजेखाली शेगडी अन् तोंडात डिंकाचा लाडू. कुणीतरी भांडायला पाहिजे होतं मला! परभणीचे ठाकूर सर बी काही बोलले न्हाईत?"

"वहीत काहीतरी लिहीत होते."

"मग ती वही परभणीला जाणार, अन् मी हितंच."

ज्योतीने कार्यक्रमपत्रिका काढली. प्रत्येकाच्या नावापुढे छापलं होतं, 'वीस मिनिटे व प्रश्न'. राणीच्या नावापुढे नुसतं 'वीस मिनिटे'. हे सरांनी नाही, तिनेच टाइप करून दिलं होतं. राणीचा आवाज हॉलपर्यंत कसा आणायचा यावर तिने महिनाभर डोकं चालवलं होतं. हॉलचा आवाज राणीपर्यंत न्यायचा हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

चार ते पाच समारोप. सव्वापाचला बऱ्याच जणांची सेनगावची गाडी, म्हणजे पाचनंतर हॉल रिकामा. ती विश्वंभर सरांकडे गेली.

"सर, समारोपातला अर्धा तास राणीला पाहिजे."

"अन् सत्कार? अकरा शाली आणल्यात मी."

"पाहुणे निघताना द्या."

"बसस्टँडवर? घाईत एखादी कंडक्टरच्या अंगावर टाकीन." हॉलमधलं कुणीतरी हसलं, सर हसले नाहीत. "ज्योतीबाई, मी तिच्या भल्यासाठीच थांबवलं होतं."

"माहीत आहे सर. पण तिला विचारलं नाही आपण. मीसुद्धा नाही."

सरांनी सत्काराच्या यादीची घडी घातली. "अर्धा तास. एक मिनिट जास्त नाही."

साडेचारला राणीला परत फोन लावला. मातीचे अभ्यासक मोहनसिंग ठाकूर गुडघ्यांमुळे उठेनात, म्हणून प्रेमानंदने फोनच त्यांच्या खुर्चीशी नेला. त्यांनी वही उघडली.

"बेटा, औषध लावलेले वाफे शेताच्या कुठल्या अंगाला होते?"

"वरच्या, सर. सगळेच."

"आणि बिनऔषधाचे?"

"खाली."

"पाणी कुठे साचतं?"

फोनमधून लेकराचं रडणं आलं, कुणीतरी त्याला उचलून नेल्यासारखं ते लांब गेलं. ज्योतीची कानशिलं तापली. तो शेताचा नकाशा तिने स्वतः तपासला होता. विश्वंभर सरांचा हात नकळत फोनकडे गेला. ज्योतीने मान हलवून त्यांना थांबवलं.

"खालीच साचतं," राणी म्हणाली. "म्हणजे कूज कमी झाली ती औषधानं का उतारानं, हे मला सांगताच येत न्हाई."

"बराबर," ठाकूर म्हणाले.

मार्चचा प्रबंध गेला, हे ज्योतीला कळलं. राणीलाही कळलं असणार.

"सर, फोन ठेवू नका," पलीकडून आवाज आला. "यंदा जूनला परत लावते. औषधाचे अन् बिनऔषधाचे वाफे वर-खाली कसे वाटायचे ते सांगा. थांबा, कागद घेते."

ठाकूर सर पुढे झुकले. सेनगावचे दोन शिक्षक पिशव्या घेऊन उठले होते. त्यातला एक घड्याळ पाहून परत बसला. "याच्या मागची गाडी धरू," तो दुसऱ्याला म्हणाला, "मलाबी तिला एक विचारायचंय."