ब्रायडीची टोपी

दर ईस्टरला माझ्या लेकीच्या, ब्रायडीच्या शाळेत मुलं स्वतःच्या हातांनी केलेल्या टोप्या घालून मिरवतात. स्वतःच्या हातांनी म्हणे! दरवर्षी बक्षीस टॅमसिनला, आणि टोपी केलेली असायची तिच्या आईनं, केरिननं. वर ते केरिनचं गोड हसणं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा मी चंगच बांधला. निलगिरीच्या सालीचं घरटं विणलं, त्यात रंगवलेली अंडी आणि सशासारखे लांब कान हलवणारा बिल्बी, हा आमच्याकडचा ईस्टरचा प्राणी, बसवला. माझ्या ब्रायडीनं जरा बोट लावलं की मी ओरडायचे, "सोड, मोडशील!"

मिरवणुकीत ब्रायडीला टाळ्याच टाळ्या. मी ऐटीत केरिनकडे पाहिलं. तिची टॅमसिन वाकडातिकडा पुठ्ठा डोक्यावर घेऊन आली होती, कपाळावर डिंक ओघळलेला.

"यंदा मी फक्त डिंकाची बाटली दिली गं," केरिन म्हणाली. "बाकी सगळं तिचंच."

तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी ब्रायडीला विचारलं, "तू केलीस ही?"

"छे! आई हातसुद्धा लावू देत नाही."

बक्षीस टॅमसिनला मिळालं. मेली काहीच न करण्यातही माझ्या पुढे!