दोऱ्याचं टोक

आईने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, बोटांनी पीळ दिला आणि दोनदा सुईच्या नेढ्याशी नेलं. दोन्ही वेळा दोरा नेढ्याला वळसा घालून पुढे निघून गेला. मग तिने न बघताच सुई आणि दोरा उजवीकडे धरला. उजवीकडे धाकटी असायचीच. धाकटीने तेच टोक आपल्या ओठांत फिरवलं आणि एका झटक्यात ओवलं.

"मी कॉलेजात गेल्यावर काय करणार आहेस? सुया पार्सलने पाठवणार?"

"आधी शाळा तरी सुटू दे," आई म्हणाली आणि मनगटाने ओठाचा डावा कोपरा घासला. "सकाळपासून चुणचुणतंय इथे काहीतरी."

"झोप की मग जरा."

पण झोपायला वेळ कुठे होता? शाळेच्या गणवेशाचे चाळीस शर्ट शुक्रवारपर्यंत जायचे होते. काजं झाली होती, बटणं बाकी होती. आणि शनिवारी ताई येणार होती, बारा दिवसांची मुलगी घेऊन. आईने नात अजून फक्त फोनवर पाहिली होती; तीही कायम झोपलेली, अर्धं तोंड दुपट्यात. शर्टांच्या ढिगाशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा झबली होती. आई दिवसातून एकदा तरी ती उलगडायची, एखादं उगाच हातावर धरायची आणि परत गुंडाळून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळी आईच्या ओठावर पाणी धरलेल्या बारीक फोडांचा घोस आला होता.

"ताप फुटलाय," ती आरशात बघत म्हणाली. "जागरण झालं की येतो मला. आठ-दहा दिवसांत जातो."

"शनिवारला चार दिवस राहिलेत, आई."

आई आरशातच बघत राहिली. धाकटीने चपला घातल्या.

औषधांच्या दुकानातल्या काकू चष्मा कपाळावर ठेवून बोलायच्या आणि गोळ्या मोजाव्यात तसे शब्द मोजून द्यायच्या. धाकटीचं सगळं ऐकून त्यांनी करंगळीएवढी ट्यूब काउंटरवर ठेवली.

"काल चुणचुण सुरू झाली तेव्हाच लावायला हवं होतं. तेव्हा जास्त उपयोग. असो. दिवसातून पाच वेळा, चार-चार तासांनी, पाच दिवस. आधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे. नुसतं टेकवायचं, चोळायचं नाही. तोंडाच्या आत नको, डोळ्याच्या आसपास नको. आणि ट्यूब तिची एकटीची."

"एवढुशी ट्यूब काकू, वाटून घ्यायला कोण येणारे?"

"येतात. नवरा-बायको एकच ट्यूब वापरतात आणि मग मला विचारतात, बरं का होत नाही." त्या हसल्या नाहीत. "घरात लहान कोणी आहे?"

"शनिवारी येतंय. ताईचं बाळ. बारा दिवसांचं."

काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मग नीट ऐक. मोठ्या माणसाला हे ओठापुरतं. तान्ह्या बाळाला लागलं तर ते ओठावर थांबत नाही, जिवावर येऊ शकतं. खपली पडून कातडी साफ होईपर्यंत आईने पापा घ्यायचा नाही. मांडीवरसुद्धा नको, सवयीने तोंड खाली जातंच."

"पण क्रीम लावली तरी?"

"क्रीमने लवकर वाळतं. दुसऱ्याला लागायचं थांबतंच, असं नाही."

घरी येईपर्यंत धाकटीने सगळं तीनदा पाठ म्हटलं होतं. वर्गात तिला नुकतंच मॉनिटर केलं होतं आणि तेव्हापासून कुठल्याही कामाची यादी केल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिने तीन रंगांच्या स्केचपेनांनी नियम लिहिले आणि कागद मशीनच्या वर, आईच्या डोळ्यांसमोर चिकटवला. आईचा टॉवेल वेगळा, पेला वेगळा, उशी वेगळी. मग ती आईशेजारी बसली आणि एकेक नियम मोठ्याने वाचायला लागली.

"सात. खपलीला हात लावायचा नाही."

"नाही लावत," आईने दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि उजवीकडे धरलं.

"आठ. चुकून लागलाच तर लगेच हात धुवायचे." धाकटीने टोक ओठांत फिरवलं, ओवलं, सुई परत दिली. "नऊ. आई, तू ऐकतेयस का?"

"ऐकतेय गं बाई. दहा वेळा लावलं तर शनिवारपर्यंत जाईल का?"

"दूध आहे का ते, आच वाढवली की लवकर तापेल?"

आई हसली आणि हसताना ओठ ताणला म्हणून कळवळली. चाळीस शर्टांची दोनशे ऐंशी बटणं शुक्रवारी दुपारी संपली.

शनिवारी ताई आली तेव्हा धाकटीने आतल्या खोलीच्या उंबरठ्याशी शिवणाच्या खडूने जाड रेघ ओढून ठेवली होती. आत ताई आणि बाळ, बाहेर आई आणि मशीन. ताईने पिशव्या खाली ठेवल्या, रेघेकडे पाहिलं आणि धाकटीकडे पाहिलं.

"हे काय, भोंग्या?" जन्मल्यावर पहिल्या रडण्यात अख्खा मजला उठवला म्हणून ताईने ठेवलेलं हे नाव.

"सीमारेषा. आई पलीकडे येणार नाही."

"फोनवर सांगितलंस तेवढं पुरे होतं की. रेघ कशाला?"

"सांगून राहवत नाही माणसाला. रेघ दिसते."

आई भिंतीशी उभी होती. तोंडावर रुमाल बांधलेला, हात मागे, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी. ताईने दुपटं बाजूला करून बाळाचं तोंड तिच्याकडे वळवलं. बाळाने एक डोळा उघडला, आजीला बघितलं, नापसंती दाखवावी तशी जीभ बाहेर काढली आणि पुन्हा डोळा मिटला.

"नाक आपलं आहे," आई रुमालातून म्हणाली. मग मशीनवर जाऊन बसली आणि रिकाम्या मशीनचं पायडल दोन-तीनदा मारलं.

पुढचे दिवस असेच गेले. दाजींना सुट्टी नव्हती, त्यामुळे ताईला एकटीला पुरत नव्हतं आणि आईला मदत करता येत नव्हती. मधे धाकटी. शाळेतून आली की हात धुवायची, बाळाला घ्यायची, ताईला दोन तास झोपू द्यायची. बाळाला घेऊन ती रेघेपर्यंत यायची, अगदी पायाची बोटं खडूला लागतील इतकी, आणि आई पलीकडून बघायची.

"नखं वाढलीत तिची."

"ताई कापणारे उद्या."

"डोक्याचा वास कसा येतो गं?"

धाकटीने हुंगलं. "दुधाचा. आणि थोडा इस्त्रीच्या कपड्यासारखा."

आईने तोंडावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "माझ्या वतीने एक दे."

धाकटीने बाळाच्या टाळूवर ओठ टेकवले. "हा आजीचा." मग स्वतःहून आणखी एक. "आणि हा मावशीचा. मावशीचा जास्त मोठा."

ते रोजचं झालं. आई मागायची आणि धाकटी पोचवायची. कधी टाळूवर, कधी तळव्यावर. एकदा ताई आतून म्हणाली, "कुरिअर कंपनी काढा दोघी." रविवारी क्रीमचे पाच दिवस पूर्ण झाले. मंगळवारी खपली अर्धी सुटली. धाकटीने रोज टॉर्च मारून ओठ तपासला आणि निकाल जाहीर केला. बुधवारी सकाळी आईने तोंड धुतलं तेव्हा उरलेली खपली निघून गेली होती. खाली गुलाबी, नवी, गुळगुळीत कातडी.

"आज?" आई म्हणाली.

"संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी शेवटचं बघते. मग रेघ तूच पूस."

जाताना धाकटीने आजीचा शेवटचा पापा पोचवला. गालावर.

गणिताच्या तासाला तिला पहिल्यांदा जाणवलं. खालच्या ओठाच्या उजवीकडे, मुंगी चालावी तसं. तिने जीभ फिरवली. वार्‍याने ओठ फुटले असतील. मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. नळावर ओठ धुतला, मग पुन्हा धुतला. चुणचुण गेली नाही. शेवटच्या तासाला ती बाईंना सांगून घरी निघाली. वाटेत काकूंचं दुकान होतं. तिने काहीच विचारलं नाही, फक्त ओठावर बोट ठेवलं. काकूंनी चष्मा खाली घेतला, वाकून पाहिलं आणि दुसरी ट्यूब काउंटरवर ठेवली.

"बाळाला घेतेस का तू?"

धाकटीने होकारार्थी मान हलवली.

"बाळाच्या डॉक्टरांना आज दाखवा. उद्या नाही."

घरात शिरल्यावर ती रेघेच्या बाहेरच उभी राहिली. ताई बाळाला पाजत होती. धाकटीने सांगितलं. एवढ्या हळू आवाजात ती घरात कधीच बोलली नव्हती, त्यामुळे ताईला दोनदा विचारावं लागलं.

"कसं शक्य आहे?" ताई म्हणाली. "टॉवेल वापरलास तिचा?"

"नाही."

"पेला? उशी?"

"नाही गं. सगळं वेगळं होतं. कागद बघ ना."

"मग आलं कुठून?"

ताई बाळाला घेऊन रिक्षाने गेली. आईला सोबत जायचं होतं, पण ताई म्हणाली, थांब तू, तिच्याजवळ. दोघी मशीनपाशी बसून राहिल्या. हातांना काहीतरी हवं म्हणून आईने सातवं झबलं ओढलं. त्याच्या नाडीला टाका घालायचा होता. तिने रीळ सोडलं, दोरा तोडला, टोक ओठांत धरून ओलं केलं आणि न बघता उजवीकडे धरलं. धाकटीचा हात आपोआप पुढे झाला.

हात तिथेच थांबला. दोऱ्याचं ओलं टोक दोघींच्या मधे लोंबत राहिलं.

आईने हळूच हात मागे घेतला. झबलं, सुई, दोरा सगळं मशीनच्या खणात ठेवलं आणि खण ढकलला. खण नेहमीसारखा मधेच अडकला. तिने तो तसाच सोडला.

"कागदावर नव्हतं," धाकटी म्हणाली.

"नव्हतं," आई म्हणाली.

दिवेलागणीच्या आधी ताई परत आली. डॉक्टरांनी बाळाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं होतं, तपासणीसाठी नमुना घेतला होता. आत्ता काही दिसत नाही, म्हणाले. पण पुढचे काही आठवडे बघत राहायचं. ताप आला, दूध ओढेनाशी झाली, सुस्त वाटली, अंगावर कुठेही एक जरी फोड दिसला, तर तसंच उचलून आणायचं, वेळ बघायची नाही.

"कधी कळेल?" धाकटीने विचारलं.

"नाही दिसलं काही, तर कळेल नाही झालं म्हणून."

ताई थकून गेली होती. ती रेघेच्या आत पलंगावर बसली आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "आई, घे ना जरा तिला. तुझं बरं झालंय."

आईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने टॉर्च उचलला, लांबूनच आईच्या ओठावर मारला, नीट पाहिलं, साफ होतं. मान हलवली.

आई हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. मग ती आली, रेघ न पुसता ओलांडली आणि ताईच्या मांडीवरून बाळाला उचललं. इतके दिवस ती ज्याची वाट बघत होती ते वजन हातात आलं तशी तिची हनुवटी आपोआप खाली गेली. टाळूपासून वीतभर अंतरावर ती थांबली.

"आई," रेघेच्या या बाजूने धाकटी म्हणाली, "माझ्या वतीने..."

आईने बाळाला खिडकीजवळ नेलं. उजेड अजून होता. तिने दुपटं सोडलं, झबल्याची नाडी सोडली आणि तयार कपडा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी उलटा करून प्रत्येक शिलाई बघावी तशी बघायला लागली. कानामागे, गालाची ती जागा, मानेची घडी, काखा, बोटांच्या बेचक्या, तळवे.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

धाकटीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, पालथे, जसे परीक्षेच्या हॉलमधे ठेवतात. आईने बाळाला वळवलं आणि पुन्हा कानामागून सुरुवात केली.