समदी कुलपं उघडा

बाई अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, कुलपं उघडायची, म्हणजे वाट मोकळी होते, हे विजयमालाबाईंना त्यांच्या सासूनं शिकवलं होतं. कशी मोकळी होते, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायला उसंत असलेली बाई त्या वेळी खोलीत कधी नसायचीच.

त्यामुळे कडेगावकडच्या लहानशा सरकारी दवाखान्यात सुनेच्या, संयोगिताच्या, कळा दुपारी मंदावल्या, तशा विजयमालाबाई कामाला लागल्या. आधी सुनेची वेणी सोडली, मग स्वतःचा अंबाडा. पडद्याची दोरी, गाऊनचे बंद, कोपऱ्यातल्या पिशवीची गाठ. हात सलाईनच्या नळीकडे गेला, तशी प्रियदर्शनी सिस्टर ओरडली.

"आवं मावशी, त्याला हात लावू नका!"

"गाठ हाय का बघत हुते."

"गाठ न्हाई, चिकटपट्टी हाय."

"मग ती तर…"

"न्हाई!"

डॉक्टर बघून गेले होते. बाळाचे ठोके चांगले आहेत, संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर कराडला न्यावं लागेल, कदाचित ऑपरेशन.  पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण "तुमच्या पाटणच्या डोंगरात दवाखाना कुठं?" म्हणत विजयमालाबाईंनी सुनेला ठेवून घेतलं होतं. आता कराडला न्यायची पाळी आली, तर विहीणबाई सात जन्म ऐकवणार होत्या.

विहीणबाई, म्हणजे शालनताई, सकाळच्या एसटीनं येऊन बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत एकाच बाईला सोडत, आणि ती जागा विजयमालाबाईंनी सकाळीच धरली होती. दवाखान्याच्या पायऱ्या त्या सुनेच्याही आधी चढल्या होत्या.

"तुमचं गुडघं लय सुधारलं की ओ!" शालनताई म्हणाल्या होत्या.

"देवाची कृपा."

विजयमालाबाईंनी नवऱ्याला फोन लावला. "समदी कुलपं उघडा. गोठा बी."

"म्हस सोडू?"

"दाव्याला गाठ न्हाई व्हय? सोडा!"

सयाजीराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले. हुकमाचं कारण विचारायची त्यांना सवय नव्हती. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला.

"म्हस शेजारच्या दादासोच्या कोबीत शिरली. त्यो काठी घिऊन उभा हाय."

"सांगा त्यास्नी, सून अडलीया."

"सांगितलं. म्हणतोय, सून तुमची, कोबी माझी कशाला?"

इकडे सिस्टर म्हणत होती की पोरीला जरा चालू द्या, घोटभर गोड चहा द्या. विजयमालाबाई दोन्ही अडवत होत्या. वर, सुनेनं डोळे मिटले की मुलाच्या, पृथ्वीराजच्या, वेळी आपण कशा तीन दिवस तडफडलो ते सांगत होत्या. ते ऐकून येणारी कळसुद्धा दारातनं माघारी फिरत असावी.

"सिस्टर, आईला आत घ्या की," संयोगिता पुटपुटली.

सिस्टरनं सासूकडे पाहिलं. मग सासूच्या कमरेकडे.

"मावशी, समदी कुलपं उघडली म्हणता?"

"समदी."

"ही किल्ली कशाची मग?"

विजयमालाबाईंचा हात कमरेवर गेला. "कपाटाची हाय. लहानसं हाय ते कपाट."

"लहान कुलूप चालतं व्हय?"

विजयमालाबाईंनी किल्ली मुठीत धरली. त्यांनी मनातल्या मनात देवाला विचारून पाहिलं, बाकी एवढं उघडलं, एका कपाटानं काय हुतंय? देव बोलला नाही. संयोगिता कण्हली. किल्ली नवऱ्याकडे पाठवावी, तर त्या कपाटापुढं नवरा तर मुळीच नको होता. शेवटी त्या स्वतःच उठल्या. पायात चपला सरकवतात तोवर मागून सिस्टरचा आवाज आला, "शालनताई, या आत."

घरी सगळी दारं सताड उघडी होती आणि दिवाणावर कोंबडी बसली होती. सयाजीराव म्हशीमागं फिरत होते, म्हैस दादासोच्या बांधावर. तिला बांधायची सोय नव्हती. गाठ मारली असती तर सगळंच मुसळ केरात. मग दोघं नवराबायको तिच्यामागं हिंडले. कपाट आता उघडू, मग उघडू करता करता ऊन उतरलं, आणि फोन वाजला.

"विहीणबाई, मुलगी झाली!" शालनताईंचा आवाज. "दोघी सुखरूप हायत."

विजयमालाबाईंनी हात जोडले. डोळ्याला पदर लावला. कपाट बंदच होतं, आणि तरी पोरगी झाली होती! देव खरंच मोठा.

"आन् येताना तेवढा लाडवाचा डबा आणा," शालनताई म्हणाल्या. "वटीभरणाला दिल्याला. बाळंतिणीला लागंल आता."

देव एवढाही मोठा नसावा.

कपाट उघडलं. लुगड्यांच्या मागं स्टीलचा डबा, त्यावर शालनताईंचं नाव कोरलेलं. डिंकाचे लाडू मुंग्या लागू नयेत म्हणून कुलपात ठेवले होते. पहिला, तूप खवट झालं नाही ना बघायला खाल्ला. दुसरा, पहिल्यानं नीट कळलं नाही म्हणून. त्यानंतर गुडघ्यांना गुण आला, आणि मग तर ते औषधच झालं.

सयाजीरावांनी मागून डोकावलं. "एकच हाय की गं!"

"तुमी म्हशीकडं बघा."

दवाखान्यात संयोगिता उशीला टेकून बसली होती, पोर छातीशी. आई कमरेला धरून व्हरांड्यात फिरवत होती, सिस्टर पाठ चोळत होती, चहा प्याले, असं तिनं सांगितलं.

"कळा जोरात आल्यावर म्हटलं, वरडून घे मनसोक्त," सिस्टर म्हणाली. "लय वरडली."

"देवाचं नाव घेतलं आसंल पोरीनं."

"नाव तुमचंच घेतलं, मावशी."

सून पोरीचं टोपडं सारखं करू लागली. शालनताईंनी डबा घेतला, हातात तोलला, झाकण काढलं. आत बराच वेळ पाहिलं. मग नजर सावकाश विजयमालाबाईंच्या गुडघ्यांवर आणून ठेवली.

"देवाची कृपा, न्हाई?"

"करून आणते की! डिंक हाय घरात," विजयमालाबाई उठल्याच, आणि कठड्याला हातसुद्धा न लावता भराभरा पायऱ्या उतरल्या.