डोळ्याच्या कडेने

"वायपर जोरात कर," क्लेम म्हणाला.

"बाबा, वायपर तुला दिसत तरी आहे का?"

"ऐकू येतोय ना. पाणी कमी पडलं की रबर कुरकुरतं, जास्त झालं की चपचपतं. आत्ता चपचपतोय."

ब्रायनीने वायपरचा वेग एक घर वाढवला. चपचप थांबली. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम केला. इकडच्या रस्त्यांवर तशी रीतच आहे. ब्रायनीनेही बोट उचललं, आणि शेजारी क्लेमचं बोटही गुडघ्यावरून उठलं. ट्रक तेवढ्यात निघून गेला होता.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, म्हणजे दक्षिण गोलार्धातली पानगळ. डर्वेंट नदीच्या काठचे पॉपलर पिवळे झाले होते आणि सकाळपासून पाऊस लागला होता. या आठवड्यात निम्मं टास्मानिया गाड्या काढून डोंगरावर जातं, फेगस बघायला. इथल्या मूळच्या झाडांना थंडीत पानं गाळायची सवय नाही. फेगस तेवढं वेगळं. बुटकं, वेडंवाकडं, नखाएवढ्या पानांचं हे झाड दोन-तीन आठवडे पेटल्यासारखं दिसतं आणि मग उघडंबोडकं होतं.

क्लेम डायरीनने एक्केचाळीस वर्षं बावीस सीटांची बस भरभरून माणसं त्या झाडाकडे नेली होती. माणसं "अहाहा" म्हणायची, क्लेम रस्ता बघायचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये खडीचा रस्ता जेमतेम बसपुरता. वर पोचल्यावर माणसं फोटो काढायला जायची, तेव्हा हा ब्रेक तपासत बसखाली आडवा असायचा. "रिटायर झालो की बाजूच्या सीटवर बसून डोळे भरून बघेन," असं तो दर वर्षी म्हणे. रिटायर झाला त्याच वर्षी ब्रायनीच्या आईने अंथरूण धरलं. ती गेली, आणि पाठोपाठ क्लेमच्या नजरेचा मधला भाग गेला. ज्याच्याकडे रोखून बघावं तिथे नेमका राखाडी डाग. डाग वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी किती दिसेल, ते मात्र त्यांना सांगता येत नव्हतं.

म्हणून आज, पाऊस असो की काहीही असो.

माउंट फील्ड राष्ट्रीय उद्यानाच्या नाक्यावर केझ नावाची रेंजर रेनकोट सावरत खिडकीशी आली. "अगं बाई, क्लेम! आणि बाजूच्या सीटवर? बांधून घातलंय की काय तुला?"

"जवळजवळ तसंच. पोरीने बेल्ट इतका आवळलाय की श्वास घेताना परवानगी मागावी लागते."

"वर दाट धुकं आहे. आणि रात्री बर्फाचा अंदाज आहे, तीनला रस्ता बंद करणार मी. जमेल ना गं, ब्रायनी?"

"जमेल," ब्रायनी म्हणाली. ती बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करायची. डोंगरातलं धुकं तिला आलेखावर चांगलं ठाऊक होतं.

पाच किलोमीटरनंतर आलेख काही उपयोगाचा राहिला नाही. बॉनेटच्या पुढे रस्त्याकडेचे दोन पांढरे खुंट दिसत होते, तिसरा नाही. तिने गाडी जवळजवळ थांबवली. हाताला घाम आला होता.

"पुढे लागोपाठ चार वळणं आहेत," क्लेम शांतपणे म्हणाला. "पहिलं डावीकडे. फसवं आहे, आत आत आवळत जातं. दुसरा गिअर टाक. आणि ब्रेकवर नाचू नकोस."

"नाचत नाहीये मी."

"मग गाडी का मान हलवतेय?"

त्याने सांगावं आणि दोन सेकंदांनी धुक्यातून नेमकं तेच वळण यावं, असं चाललं. ओढ्यावरच्या मोरीवरून चाकं खडखडली की तो पुढचं वळण सांगायचा. ब्रायनीने मोजलं: एकवीस वळणं, एकही चूक नाही. तिच्या हातांचा घाम केव्हा सुकला, तिला कळलंही नाही.

लेक फेंटनपाशी धुकं उचललं आणि पाऊस तेवढा उरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फेगस होतं. ब्रायनीच्या तोंडातून शब्द निघणार होता, तो तिने गिळला. रंगांचं नाव आपण घेतलं तर बाबा ते ऐकून 'दिसलं' म्हणेल. तसलं दिसणं तिला नको होतं.

क्लेम खाली उतरला. झाडाशी गेला, चेहरा फांद्यांत खुपसला, मान मागे घेतली, डोळे ताणले. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून गळत होतं. मग त्याने एक पान बोटांत धरलं.

"चुण्या आहेत. पन्हळी पत्र्यासारख्या."

"हो. आणि?"

"आणि राखाडी." त्याने पान सोडलं. "बघायला गेलं की पळतंय, पोरी. चल, केझ रस्ता बंद करेल."

गाडीत त्याने चहाचा कप घेतला, पण प्यायला नाही. ओट्सचं बिस्किट ब्रायनीने हातात दिलं, ते तसंच हातात राहिलं. तिने गाडी वळवली आणि उताराला लावली. गाडी हलताच क्लेमची पाठ जुन्या सवयीने ताठ झाली, मान सरळ झाली, नजर समोरच्या रस्त्यावर रुतली. झाडांचा पट्टा दोन्ही अंगांनी मागे सरकू लागला.

"थांब!" तो ओरडला.

तिने ब्रेक दाबला.

"अगं थांबू नकोस! चालू ठेव!"

"नक्की काय करू?"

"चालव. हळू. मी रस्ताच बघतोय." त्याचा आवाज बदलला होता. "डावीकडे नारिंगी. पायथ्याशी पिवळं. आणि आता एक लालभडक येईल, सगळ्यांच्या पुढे येऊन मिरवणारं... गेलं! गेलं बघ ते!"

ब्रायनीने आरशात पाहिलं. रांग सोडून रस्त्यावर झुकलेलं एकच लाल झाड मागे जात होतं. तिच्या डोक्यात सगळं चटकन जुळलं: डाग मधोमध आहे, कडा शाबूत आहेत, कडेला पान कळत नाही, पण रंगाचा मोठा, सरकता पट्टा कळतो.

"हे तर मी दर वर्षी बघायचो," क्लेम म्हणाला. "अगदी असंच. मला वाटायचं, मी कधी पाहिलंच नाही." तो हसला, मग बाहीने नाक पुसलं. "एक्केचाळीस वर्षं, ब्रायनी. आणि बसखाली आडवा पडून मी लोकांवर जळत होतो!"

"परत घेऊ?"

"केझ ओरडेल."

"ओरडू दे."

तो अर्धा किलोमीटर त्यांनी आणखी तीनदा केला. चौथ्या खेपेला त्याने बिस्किट खाल्लं.

नाक्यावर केझने घड्याळ दाखवलं. तीन वाजून सहा मिनिटं. मग क्लेमचा चेहरा बघून तिने फाटक निमूटपणे उघडलं.

न्यू नॉरफोकला घरासमोर गाडी थांबली तेव्हाही पाऊस होताच. क्लेमने चाचपडत बेल्ट सोडला, दार उघडलं, एक पाय फुटपाथवर ठेवला आणि थबकला. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानल्याशिवाय इथे कोणी उतरत नाही. एक्केचाळीस वर्षं ते शब्द त्याने रोज ऐकले होते, म्हणायची पाळी कधी आली नव्हती.

"थँक यू, ड्रायव्हर," तो म्हणाला.

ब्रायनीने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. क्लेम समोर रस्त्याकडे बघत होता, पण त्याचंही बोट उठलं, या वेळी वेळेवर.